साध्या गाडीतला विंचू

संध्याकाळी कुणकेश्वरच्या देवळाजवळ समुद्राकडे तोंड करून बसलात, की लाटांच्या आवाजात मधूनच दुसरा एक आवाज मिसळतो. आवाज आधी पोहोचतो, गाडी नंतर. जवळ आल्यावर कळतं, की ही तर दहा-बारा वर्षं जुनी, साधी हॅचबॅक. सायलन्सर कापलेला, टायर रुंद आणि मागच्या काचेवर ढालीतल्या विंचवाचा स्टिकर. स्टिकर कुठून आणला ते मालकाला बरोबर ठाऊक असतं. विंचू कोणाचा, हे मात्र बहुतेकदा ठाऊक नसतं.

आज त्या विंचवाच्या मालकाची गोष्ट. त्याचं नाव कार्लो अबार्थ. या माणसानं आयुष्यभर एकच उद्योग केला. घरच्यांना घेऊन बाजाराला जाणारी साधी गाडी घ्यायची आणि ती शर्यतीच्या ट्रॅकवर टिकेल, जमलं तर जिंकेल, अशी तयार करायची. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात एक इच्छा असते. आपली रोजची गाडी एकदा तरी ट्रॅक डेला न्यायची. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंद सर्किटवर ठरलेल्या वेळेत, नियम पाळून, आपली गाडी आपल्याला हवी तशी चालवण्याचा दिवस. तो दिवस गाठायचा असेल, तर अबार्थचं आयुष्य एकदा नीट बघा. त्यात सायलन्सर आहेच, पण तेवढाच नाही.

दोनदा मोडला, दोनदा उठला

कार्लोचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ चा, व्हिएन्नाचा. तेव्हा त्याचं नाव कार्ल होतं. पाश्चात्त्य पद्धतीनं रास वृश्चिक, म्हणून पुढे कंपनीच्या चिन्हात विंचू आला. पोरवयातच तो वर्कशॉपमध्ये शिरला आणि विशीत मोटारसायकलच्या शर्यतींत उतरला. दुसऱ्यानं बनवलेली मोटारसायकल नुसती पळवायची, यात त्याचं मन रमेना. लवकरच त्यानं स्वतःच्या नावाची मोटारसायकल बनवली.

मग लिंझला मोठा अपघात झाला. दोन चाकांवरची शर्यत सोडावी लागली. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. हा साइडकारकडे वळला आणि तिचीही रचना स्वतः केली. १९३४ मध्ये त्यानं असं काही ठरवलं, की लोकांना तो वेडाच वाटला असेल. व्हिएन्ना ते ऑस्टेंड, म्हणजे साधारण १३०० किलोमीटर, आपली साइडकार ओरिएंट एक्सप्रेसशी पळवायची! जाताना रेल्वे जिंकली. परतताना तो जिंकला. जाताना नेमकं कुठे अडलं ते बघून त्यानं परतीची तयारी केली होती. पुढे त्याचं सगळं काम याच सवयीवर उभं राहिलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युगोस्लाव्हियात पुन्हा अपघात झाला आणि या वेळी स्वतः शर्यत करणं कायमचं संपलं. म्हणजे ज्या माणसाच्या नावाचा स्टिकर आपण वेगाची खूण म्हणून लावतो, त्याला वेगानं दोनदा झोपवलं होतं. वेडावाकडा वेग काय करतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. देवगड-कुणकेश्वर रस्त्यावरच्या वळणात किंवा फोंडाघाटात आपली गाडी किती पळते हे बघावंसं वाटलं, तर ही गोष्ट आठवा. बंद ट्रॅकवर समोरून एसटी येत नाही, म्हैस येत नाही, शाळेतून सुटलेली पोरं येत नाहीत.

आधी विकला पाइप

युद्ध संपल्यावर तो इटलीत मेरानोला आला आणि कार्लचा कार्लो झाला. तिथून तूरिनच्या चिसितालिया या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत गेला. कंपनीची स्वप्नं मोठी होती, खिसा लहान. ती बुडाली. त्या पडझडीतून काही गाड्या आणि सुटे भाग घेऊन अबार्थनं ३१ मार्च १९४९ रोजी स्वतःची कंपनी काढली. वय चाळीस. पुढच्याच वर्षी, १० एप्रिल १९५० ला, सिसिलीतल्या मोंते पेलेग्रिनोच्या चढणीच्या शर्यतीत इटलीचा दंतकथा झालेला ड्रायव्हर ताझिओ नुव्होलारी अबार्थच्या गाडीत बसला आणि आपल्या गटात पहिला आला. ती नुव्होलारीची शेवटची शर्यत ठरली.

पण शर्यती जिंकून पगार भागत नाहीत. मग अबार्थनं विकायला काढले एक्झॉस्ट पाइप, आपल्या भाषेत सायलन्सर. युद्धानंतर इटलीत लोकांकडे लहान इंजिनांच्या गाड्या होत्या आणि नवी मोठी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. आहे त्याच गाडीत थोडी जान आणणारा एक भाग खिशाला परवडत होता. काळा रंग, टोकाला क्रोम आणि भरदार, घुमणारा आवाज. हे पाइप लाखांनी खपले, परदेशातही गेले. कंपनीच्या शर्यतींचा खर्च बराचसा या पाइपांनीच उचलला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. इंजिन म्हणजे शेवटी हवा आत ओढणारा आणि बाहेर टाकणारा पंप. जळलेला वायू पटकन बाहेर गेला, तर ताजी हवा आत यायला जागा होते. अबार्थच्या पाइपात वायूची वाट मोकळी होती, पण मोजूनमापून. पाइपाची जाडी आणि लांबी त्या त्या इंजिनासाठी ठरवलेली असायची. ग्राइंडरनं सायलन्सर उडवणं आणि हे करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसता कापल्यावर वाढतो तो आवाज. ताकद वाढतेच असं नाही, उलट कमी वेगात गाडी मरगळते. शिवाय कंपनीनं नोंदवलेल्या रचनेत परस्पर बदल करायला आपला मोटार वाहन कायदा परवानगी देत नाही. म्हणजे दंड ठरलेला, वेग मात्र नाही.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांसाठी सायलन्सरची वेगळीच गजाल आहे. खारा वारा आधी त्यालाच खातो. ट्रॅकवर जायच्या आधी गाडी लिफ्टवर चढवा आणि मेस्त्रीला सायलन्सरचे हँगर बघायला सांगा. सायलन्सर झाला, की बघायला सांगा चेसिसला जिथे सस्पेन्शन बसतं ती जागा, लोअर आर्म, ब्रेकच्या लोखंडी नळ्या. गाडी कधी वाळूत घातली असेल, तर जरा जास्तच बारकाईनं. गंजलेला सायलन्सर वाटेत पडला तर फार तर फजिती होईल. गंजलेला आर्म वळणात तुटला तर काय होईल, ते सांगायला नको.

सहाशेची साडेसातशे

१९५५ मध्ये फियाटनं ‘सहाशे’ बाजारात आणली. इंजिन मागे, चार माणसं कशीबशी मावायची, ६३३ सीसी आणि ताकद साधारण २२ हॉर्सपॉवर. इटलीतल्या मध्यमवर्गाची ही पहिली गाडी. आपल्याकडे मारुती ८०० ला जे स्थान, ते तिला तिथे. अबार्थनं हीच गाडी उचलली. सिलिंडर थोडे मोठे केले, नवीन क्रँकशाफ्ट घातला, इंजिन ७४७ सीसीचं केलं, कार्ब्युरेटर बदलला, आपला पाइप लावला. ताकद जवळजवळ दुप्पट झाली. ज्याला पूर्ण तयार गाडी परवडत नव्हती, त्याला हेच सगळे भाग लाकडी खोक्यात मिळायचे. आपल्या गावातल्या मेस्त्रीकडून बसवून घ्या!

पण पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं. ताकद वाढली, तशी बाकीची गाडी अपुरी पडू लागली. म्हणून पुढच्या ८५० टीसी या गाडीत त्यानं पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. इंजिनाखालचं तेलाचं भांडं मोठं केलं आणि त्याला थंड होण्यासाठी पंख काढले. पुढे बंपरपाशी कूलर बसवला. मागचं इंजिन तापायचं, म्हणून शर्यतीत इंजिनाचं झाकण उघडंच ठेवून गाड्या पळू लागल्या. जुन्या फोटोंत झाकण वर केलेल्या या इवल्याशा गाड्या बघून वाटतं, की बंद करायचं विसरले की काय! ते विसरलेले नव्हते. उष्णता बाहेर पडायची आणि मागचा भाग जमिनीवर स्थिर राहायलाही त्या झाकणाची मदत व्हायची.

यातून तुमच्या-आमच्यासाठी धडा असा, की ट्रॅकवर साधी गाडी हरते ती ताकदीअभावी नव्हे, उष्णतेमुळे. आणि आधी तापतात ते ब्रेक. करूळ घाट किंवा फोंडाघाट उतरताना पुढच्या ट्रकमधून येणारा जळका वास तुम्ही घेतलाय ना? ट्रॅकवर ही अवस्था काही फेऱ्यांत तुमच्या गाडीची होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! ओलावा मुरलेलं ऑइल लवकर उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पाय दाबला की पेडल सरळ खाली जातं. म्हणून नवा सायलन्सर घेण्याआधी त्याच पैशात ब्रेक ऑइल पूर्ण बदला. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचं, सीलबंद डब्यातलं. पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर नवे घाला. इंजिन ऑइल आणि कूलंट ताजं हवं. टायरला फुगे किंवा चिरा असतील, तर त्या दिवशी घरीच थांबा.

सात दिवस, सात रात्री

१९५७ मध्ये फियाटनं त्याहून छोटी ‘पाचशे’ काढली. ४७९ सीसी, १३ हॉर्सपॉवर. लोक हसले, की ही काय गाडी? अबार्थनं ती घेतली, थोडी सुधारली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये मोंझाच्या ट्रॅकवर सोडली. ड्रायव्हर बदलत राहिले, गाडी बदलली नाही. १६८ तास, म्हणजे सात दिवस आणि सात रात्री, ती पळत राहिली. १८ हजारांहून जास्त किलोमीटर, सरासरी ताशी १०८ किलोमीटर. अनेक विक्रम पडले आणि हसणारे गप्प झाले.

अबार्थला इथे फक्त वेग दाखवायचा नव्हता. एखादी फेरी जोरात मारून कोणीही दाखवेल. आपली गाडी सलग तग धरते, हे त्याला दाखवायचं होतं. तुम्ही ट्रॅक डेला जाल, तेव्हा पहिल्याच फेरीत मित्राला मागे टाकायचा मोह होईल. आवरा. पहिली फेरी टायर आणि ब्रेक गरम करायला, शेवटची ते थंड करायला. मध्ये चार-पाच चांगल्या फेऱ्या आणि मग थांबायचं. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गरम ब्रेक चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. टायर तापल्यावर त्यातली हवा वाढते, ती तपासा. चाकांचे नट पुन्हा आवळा. वहीत लिहा, की किती फेऱ्या, किती हवा, ब्रेक कधी मऊ पडला. अबार्थ जे करत होता ते हेच. त्याच्याकडे माणसं आणि पैसा जास्त होता, एवढाच फरक.

तीस किलो

आता सर्वांना आवडणारा किस्सा. १९६५ मध्ये अबार्थनं विक्रमासाठी एक अतिशय सडपातळ, एकाच माणसाची गाडी बनवली. ती स्वतः चालवायची, असं त्याच्या मनात आलं. वय सत्तावन्नाकडे झुकलेलं, शर्यत सोडून अनेक वर्षं झालेली, देह चांगलाच भारदस्त. गाडीत तो मावेना! गाडी रुंद करायला सांगणं त्याच्या हातात होतं. कंपनीच त्याची होती. त्यानं गाडी तशीच ठेवली आणि स्वतःला बदललं. सफरचंदं खाऊन तीस किलो वजन उतरवलं. ऑक्टोबरमध्ये मोंझाला तो त्या गाडीत बसला आणि कमी अंतरात वेग घेण्याचे विक्रम करून बाहेर आला.

हसू येतं खरं. पण दोनदा मोडलेला हा माणूस सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा गाडीत बसला, तेही मोकळ्या रस्त्यावर नाही, बंद ट्रॅकवर, महिनोन्‌महिने तयारी करून. गाडीतला सगळ्यात मोठा दोष चालक असू शकतो, हे त्यानं मान्य केलं आणि तो दोष काढला. आपण बहुतेक जण इथेच अडतो. गाडीला काय लावायचं याची यादी मोठी असते, स्वतःचं काय सुधारायचं याची यादी कोरी.

वजनाचा हिशेब तुम्हीही करा. ट्रॅकवर जाण्याआधी डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाने, पाण्याच्या बाटल्या, मॅट, डॅशबोर्डवरचा गणपती, सीटखालची छत्री, सगळं बाहेर. गणपती घरी देव्हाऱ्यात ठेवा, त्याला राग येणार नाही. वळणात सुटलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली, तर तिथे देवही काही करू शकत नाही. सीट अशी लावा, की पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. हेल्मेट आणि पायात बंद बूट हवेतच. रात्रीची झोप पुरी झालेली हवी. आयोजकांनी शिकवणारा माणूस दिला असेल, तर लाज न बाळगता त्याला शेजारी बसवा.

आणखी एक कागदाचं काम. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी धरत नाहीत. ट्रॅकवर झालेलं नुकसान तुमच्याच खिशातून जातं. गाडी बाबांच्या नावावर असेल, तर हे त्यांना आधीच सांगा. हे बोलणं कदाचित सगळ्या तयारीत अवघड ठरेल, पण टाळू नका.

विंचू रांजणगावात

पुढे अबार्थचं काय झालं? शर्यतीच्या मोठ्या गाड्यांचा खर्च परवडेना. १९७१ मध्ये त्यानं कंपनी फियाटला विकली. ज्या कंपनीच्या गाड्या तो आयुष्यभर सुधारत आला, तिच्याच हाती त्याचा विंचू गेला. शेवटी तो व्हिएन्नाला परतला आणि २४ ऑक्टोबर १९७९ ला तिथेच गेला. जन्म वृश्चिक राशीत, मृत्यूही त्याच राशीच्या दिवसांत.

विंचू मात्र जगला आणि फिरत फिरत महाराष्ट्रातही आला. २०१५ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो बाहेर पडली. घरगुती पुंटोच, पण १४५ हॉर्सपॉवरची आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. ताकद वाढवली तर ब्रेकही वाढवायचे, हा जुना हिशेब तिच्यातही दिसतो. आपल्याच देशात कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांनी असंच काम केलं. मारुती ८०० चं इंजिन घेऊन त्यांनी एका माणसाची, परवडणारी रेसिंग कार उभी केली आणि कितीतरी मुलांना त्यातून ट्रॅक दिसला. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. कोईमतूरचा ‘करी मोटर स्पीडवे’ त्यांच्याच नावाचा आहे.

तुमच्यासाठी रस्ता लांब आहे, खोटं कशाला बोला. गाड्यांची मोठी सर्किट कोईमतूरला, चेन्नईजवळ आणि दिल्लीजवळ. पण घाट चढून कोल्हापूरला गेलात, की गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे. सुरुवात तिथून करा. कार्टमध्ये ताकद कमी असते, त्यामुळे ब्रेक कुठे लावायचा आणि वळण कसं घ्यायचं हे लपत नाही. दोन-चार वेळा तिथे स्वतःला तपासा आणि मग गाडीचं बघा.

आणि तोवर, देवळाजवळच्या त्या गाडीवाल्या दोस्ताला विंचवाची ही गोष्ट सांगा. तो कुठे मोडला, कुठे हरला आणि परतीच्या वाटेवर कसा जिंकला, तेही सांगा. मग दोघं मिळून गाडी मेस्त्रीच्या लिफ्टवर चढवा आणि खाऱ्या वाऱ्यानं खालून किती खाल्लीय ते बॅटरी लावून बघा. स्टिकर काढायची गरज नाही. ब्रेक ऑइल बदललं, की तो तिथे शोभेल.